परकीय भांडवल : कलम बांधण्याआधी खुंट पाहा

आंजर्ल्याच्या एस.टी. थांब्यावर असा नाहीतर हर्णैच्या मासळी लिलावात, मोठ्या प्रकल्पाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "परदेशी कंपनी येऊ दे, पोरांची मुंबई तरी सुटेल." दुसरा म्हणतो, "एन्रॉनचं काय झालं, विसरलास काय?" दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी हा लेख.

परकीय गुंतवणूक म्हणजे काय?

थेट परकीय गुंतवणूक म्हणजे कर्ज नव्हे. परदेशी कंपनी आपला पैसा घालून इथे कारखाना उभारते, किंवा इथल्या कंपनीत मोठा हिस्सा घेऊन कारभारात भाग घेते. शेअर बाजारात आलेला पैसा चार दिवसांत माघारी जाऊ शकतो, कारखाना तसा उचलून नेता येत नाही. पैशाबरोबर नवे यंत्र, नवे तंत्र आणि बाहेरची बाजारपेठ येते. मात्र नफ्याचा वाटाही बाहेर जातो. आपल्या देशाने 1991 मध्ये या गुंतवणुकीला दार मोकळे केले आणि सुरुवातीच्या सर्वात मोठ्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आला.

दाभोळचा धडा

आंजर्ल्याहून दापोलीमार्गे दाभोळला जा. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे गुहागर तालुका लागतो. प्रकल्पाला नाव दाभोळचे मिळाले, पण जमीन गेली ती पलीकडच्या अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागातली. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकन कंपन्यांनी मिळून दाभोळ पॉवर कंपनी काढली. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाशी करार झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने ही वीज परवडणारी नाही असे सांगून प्रकल्पाला पैसा देण्याचे नाकारले होते. ऑगस्ट 1995 मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि 1996 मध्ये फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करारात मेख कुठे होती ते नीट बघा. मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेचा ठरलेला आकार द्यायचाच होता. देणे डॉलरशी बांधलेले होते. 1993 मध्ये साधारण 31 रुपयांना मिळणारा डॉलर 2001 पर्यंत 47 च्या घरात गेला. म्हणजे यंत्र तेच, वीज तीच, पण नुसत्या डॉलरमुळे बोजा दीडपट. त्यात इंधन म्हणून महागडा नाफ्था. वीज जितकी कमी उचलली, तितका युनिटचा दर फुगला. काही महिने तो सात रुपयांच्या वर गेला. मंडळाला पैसे भागवता येईनात. मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबर 2001 मध्ये खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. 2005 मध्ये एनटीपीसी, गेल वगैरेंच्या भागीदारीतून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून तो सावरावा लागला. म्हणजे परकीय भांडवलाची जोखीम शेवटी आपल्याच डोक्यावर आली.

चाकणला का जमले?

मग परदेशी पैसा वाईटच का? तसेही नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे पाहा. तिथे मर्सिडीज, फोक्सवॅगन यांसारख्या कंपन्या आल्या, त्या मोकळ्या माळावर आल्या नाहीत. आधीपासून टेल्को होती, बजाज होती, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखानदार होते, आयटीआय शिकलेली मुले होती. त्यामुळे पैसा आजूबाजूच्या वर्कशॉपांत खेळला आणि इथल्या हातांना कसब मिळाले. दाभोळला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वीज मंडळ, आणि गावात तयार होणारा कुठलाही माल त्या प्रकल्पाला लागत नव्हता.

1998 साली तीन अर्थतज्ज्ञांनी 69 विकसनशील देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की परकीय गुंतवणुकीने वाढीला जोर मिळतो, पण देशातली माणसे पुरेशी शिकलेली असतील तरच. आपल्याला हे नवीन नाही. कोय कलम करताना हापूसची काडी कितीही जातिवंत असो, खाली रायवळाचा खुंट जोमदार नसेल तर कलम धरत नाही.

आपल्या गावाने काय विचारावे?

परदेशी कंपनीला शेतजमीन थेट विकत घेऊन शेती करता येत नाही. अन्नप्रक्रियेत मात्र 100 टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी आहे. तेव्हा आंबा-काजू प्रक्रिया, शीतगृह, मासळी किंवा पर्यटन या वाटेने असा पैसा आपल्या किनाऱ्यावर येऊ शकतो. तसा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत हे प्रश्न लेखी विचारा.

1) जमीन कोणत्या कायद्याने घेणार? 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. एमआयडीसीच्या कायद्याखाली घेतली तर नियम वेगळे. म्हणून कायद्याचे नाव आधी विचारा.

2) मे महिन्यात पाणी कुठून आणणार? आपल्या विहिरींचे काय होणार?

3) बांधकाम संपल्यावर कायम नोकऱ्या किती? त्यांना कोणते शिक्षण लागेल? ते शिक्षण आपल्या मुलांना आजपासून देता येईल का?

4) आंबा, काजू, कोकम, मासळी गावची घेणार का? दर कसा ठरणार, आणि माल नको झाला तर काय?

5) कंपनी सोडून गेली तर जमीन, सांडपाणी आणि थकलेली मजुरी यांची जबाबदारी कोणाची?

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणविषयक जनसुनावणी लागत असेल तर किमान 30 दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहता येतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, हा सारांश आणून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. सुनावणीच्या दिवशी नुसत्या घोषणा देऊन परत येऊ नका. आपले म्हणणे इतिवृत्तात आले की नाही ते पाहून मगच उठा.

दाभोळच्या करारातील कलमे सामान्य माणसाच्या हाती पडली तोवर सह्या होऊन गेल्या होत्या. आपण सहीच्या आधी वाचू या. पाहुणा आला तर त्याला पाट मांडावा, पण घराची किल्ली देण्याआधी चार माणसांत विचारपूस करावी.