संसार दोघांचा, खरेदीखत एकाचं

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या नोकरदार जोडप्यांत खर्चाची वाटणी बहुधा सोय पाहून होते. एकाच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जातो, तर दुसऱ्याच्या पगारातून किराणा, वीजबिल आणि कामवाल्या मावशींचे पैसे. सोबत असेपर्यंत हिशेब बरोबरीचा वाटतो. वेगळं व्हायची वेळ आली की हप्ता भरणाऱ्याच्या हाती घर राहतं आणि घर चालवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. अशा नात्यांना कायद्याने संरक्षण दिलं आहे, पण ते माणसाला दिलेलं आहे. मालमत्ता कागदामागेच जाते. हा फरक वेळीच समजला नाही, तर त्याची किंमत फार मोठी असते.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005च्या कायद्याने ‘विवाहसदृश’ नात्यातल्या स्त्रीलाही छळापासून संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि आर्थिक मदत मागता येते. मात्र प्रत्येक सहवास विवाहसदृश ठरत नाही. दोघेही विवाहास पात्र हवेत आणि बराच काळ जोडप्यासारखे राहिलेले हवेत, असे निकष सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली वेलूसामी खटल्यात घातले. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला 2013च्या इंद्रा सरमा निकालात हे संरक्षण नाकारलं गेलं. आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला पोटगी मिळते. पण घरात राहण्याचा हक्क म्हणजे घराची मालकी नव्हे.

मालकीचे नियम वेगळे आहेत. खरेदीखतावर दोघांची नावं असतील आणि हिस्से लिहिलेले नसतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45प्रमाणे ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा. पुरावा नसेल तर दोघांचे वाटे समान धरले जातात. किराण्याच्या पावत्या यात बसत नाहीत. जोडीदाराच्या नावावर घर घेऊन ‘पैसे माझे, म्हणून घरही माझंच’ म्हणणारा तर बेनामी कायद्यात अडकतो, कारण त्यातली सवलत पती-पत्नीला आहे, सहचराला नाही. जोडीदाराकडून वर्षात 50,000 रुपयांहून अधिक भेट मिळाली तर ती करपात्र ठरते. सहकर्जदार म्हणून सही केलेल्याचं दायित्वही नातं तुटलं म्हणून संपत नाही. बँक दोघांनाही जबाबदार धरते.

‘हक्क हवेत तर लग्न करावं’ हा आक्षेप नेहमीचा आहे. पण गोव्यातल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीसारखा अपवाद सोडला, तर आपल्याकडे लग्नानेही पतीच्या नावावरच्या घरात पत्नीला आपोआप मालकी मिळत नाही. म्हणजे मुद्दा विवाहाच्या पावित्र्याचा नाही, एकत्र मिसळलेल्या कष्टाच्या पैशाचा आहे. उत्तराखंडने जानेवारी 2025पासून अशा सहवासाची नोंदणी सक्तीची केली आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागण्याची सोय दिली. तरी कोण कोणासोबत राहतं याची नोंद झाल्याने घरात कोणाचा किती वाटा हे ठरत नाही. दुसरा आक्षेप भावनेचा आहे: प्रेमात कागद कशाला? खरं तर बँकेच्या कागदांवर सही करताना कोणालाच प्रेमाचा अपमान वाटत नाही. मग त्याच दिवशी खरेदीखतात दोघांची नावं आणि हिस्से लिहून घ्यावेत, घरखर्च उचलणाऱ्याचा वाटाही त्यात धरावा. मनं जुळलेली असताना असा हिस्सा न्यायाने ठरवता येतो. ती दुरावल्यावर तोच वकिलांमार्फत मागावा लागतो.