फायबर तुटली तर फोन कुणाला?

तुम्ही विरार, नालासोपारा किंवा वसईत राहत असाल तर एकदा खिडकीतून बाहेर बघा. या खांबावरून त्या खांबावर, या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या वायरींचं जाळं दिसेल. त्यातली आपली वायर तुटली, राउटरवर लाल दिवा लागला की आपण काय करतो? केबलवाल्याला फोन. तो शिडी घेऊन येतो. नाहीच आला तर ‘कनेक्शन बदलतो’ अशी धमकी द्यायची, मग येतोच!

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला ही धमकी देण्याची सोयच नाही. ती जव्हारकडच्या एका पाड्यावरची. लॉकडाउनमध्ये अकरावीची लेक्चर्स तिने टेकाडावर बसून केली, कारण रेंज तिथेच यायची. पावसात छत्री मोबाइलवर आणि स्वतः भिजत. पुढे पाड्याजवळून फायबर गेली, सगळे खूश झाले. मग रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली. ‘‘फोन कुणाला करायचा हेच कुणाला माहीत नव्हतं गं,’’ ती म्हणाली. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

वायर आली, पुढे काय?

गावागावात फायबर नेण्याची सरकारी योजना जुनी आहे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, असं केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ठरवलं. २०१५ मध्ये तिचं नाव ‘भारतनेट’ झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले.

पण आपल्या जिल्ह्यात एक अडचण आहे. पालघरमधली ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नाही, ते असतात विखुरलेले पाडे. पंचायतीच्या ऑफिसात फायबर आली तरी तुमचा पाडा तिथून दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये ओढा आणि दाट झाडी. शेवटचा हा तुकडा कोण जोडणार, हा खरा प्रश्न.

त्याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलंय, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं.

खामलोलीचा प्रयोग

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या टीमने पालघर तालुक्यातलं खामलोली गाव निवडलं. प्रकल्पाचं नाव ‘ग्राममार्ग’. त्यांची युक्ती भारी होती. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या लहरी आठवतात? अँटेना फिरवून दूरदर्शन बघायचे त्या. आपल्याकडे हवेतून टीव्ही दाखवणारं दूरदर्शन एकटंच. त्यामुळे त्या पट्ट्यातले १५ पैकी किमान १२ चॅनेल देशात जवळपास सगळीकडे रिकामेच असतात, असं याच टीमच्या अभ्यासात दिसलं. या लहरी झाडीतून आरपार जातात आणि लांब पोचतात. मग त्यावरून इंटरनेट का नाही पाठवायचं? प्रायोगिक परवाना घेऊन त्यांनी खामलोलीतले सात पाडे असे जोडून दाखवले.

पुढे त्यांनी ज्याला परवाना लागत नाही अशा ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरी वापरल्या आणि पालघर जिल्ह्यातली २५ गावं जोडली. मार्च २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत ‘ग्राममार्ग’ला पहिलं बक्षीस मिळालं. मोझिला म्हणजे तेच, फायरफॉक्स ब्राउझरवाले.

पण मला टॉवरपेक्षा त्यांचा हिशेब जास्त आवडला. त्यांनी मांडलेलं मॉडेल असं : गावातल्या जाळ्यासाठी पैसे ग्रामपंचायतीने घालायचे, म्हणून मालकी पंचायतीची. बाहेरून इंटरनेट आणायचं सरकारी किंवा खासगी कंपनीने. आणि दुरुस्ती, रिचार्ज, वसुली हे सगळं गावातल्याच, ट्रेनिंग घेतलेल्या मुलामुलींनी करायचं. त्यातून त्यांना उत्पन्न. म्हणजे वायर तुटली तर फोन कुणाला? शेजारच्या आळीतल्या दादाला किंवा ताईला. माझ्या मैत्रिणीच्या पाड्यावर नेमकं हेच नव्हतं.

शेतकऱ्यांनी खणलेले चर

तुम्ही म्हणाल, हे वायरलेस झालं. खरी फायबर गावाला झेपेल का? जगात झेपली आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या खेड्यांत कंपन्या यायला तयार नव्हत्या. २०११ मध्ये लोकांनी स्वतःचीच संस्था काढली, ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून फायबर नेऊ दिली, तीही फुकट. गावकऱ्यांनी शेअर घेतले, कुदळ-फावडी आणि ट्रॅक्टर घेऊन चर खणले. घरोघरी पोचलं ते सेकंदाला एक गिगाबिटचं नेट, आपल्या घरच्या १०० एमबीपीएस प्लॅनच्या दहापट! स्पेनच्या कॅटलोनियात २००४ मध्ये सुरू झालेलं ‘गिफी’ हे जाळंही लोकांचंच. वायरलेसने सुरुवात झाली, नंतर त्यात फायबर आली.

आणि सहकार आपल्याला नवा आहे का? बसीन कॅथॉलिक बँक १९१८ मध्ये आपल्या वसईतच सुरू झाली. दूध संघ झाले, साखर कारखाने झाले. मग नेट का नको?

काच, करंट आणि कागद

तंत्र वाटतं तेवढं अवघड नाही. फायबरच्या आतली काच साधारण आपल्या केसाएवढी जाड. पंचायतीत एक मुख्य यंत्र बसवायचं. तिथून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटता येते, अगदी २० किलोमीटरपर्यंत. या स्प्लिटरला वीजच लागत नाही. आपल्या भागात लाइट किती वेळा जाते हे माहीत असेल, तर हे किती मोठं आहे ते कळेल. मात्र मुख्य यंत्राला आणि घरातल्या राउटरला बॅटरी हवीच. तुटलेली काच जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं. ते महाग असतं, पण चार-पाच पंचायतींत मिळून एक चालेल.

अवघड आहेत ते कागद. घरोघरी इंटरनेट विकायचं तर दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. ज्याच्याकडे तो आहे अशा कंपनीशी गावाला करार करावा लागतो. छोटी सुरुवात करायची तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना आहे. तिच्यात गावातला किराणावालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवून पॅक विकू शकतो. पण मीटिंगला लोक आणणं, महिन्याचे पैसे गोळा करणं, पहिल्या पावसात पडलेलं झाड उचलून वायर जोडणं हे कुठल्याही योजनेत तयार मिळत नाही.

तुम्ही काय करू शकता?

म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुमच्यातले कितीतरी जण वाडा, विक्रमगड, मोखाड्याहून कॉलेजला येतात. आयटी, इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांनो, फायनल इयर प्रोजेक्ट शोधताय ना? अजून एक ‘अटेंडन्स ॲप’ बनवण्याऐवजी आपल्या पाड्याचा नकाशा काढा. पंचायतीत फायबर आली आहे का, चालू आहे का, शेवटचं घर किती लांब, वाटेत किती खांब, किती घरं महिन्याला पैसे द्यायला तयार आहेत, ते लिहा. तो कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहा. कॉमर्सवाल्यांनी हिशेब मांडा. आणि माझ्यासारख्या मास मीडियावाल्यांनी? प्रश्न विचारत राहायचं. शहरात राहत असाल तरी लांब जायला नको. सकवार, भाताणे वसई तालुक्यातच आहेत. एका रविवारी जाऊन विचारा.

माझी मैत्रीण सध्या सुट्टीत घरी गेली की घरं मोजते. आतापर्यंत तिच्या वहीत ४३ घरं झालीत. पहिल्या पानावर तिने एकच रकाना आखलाय : ‘वायर तुटली तर जबाबदार व्यक्ती’. त्याखाली तिने स्वतःचं नाव आणि नंबर लिहिलाय.