तीन सिलिंडर, तीन आकडे

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800ची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. गुडगावच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाडीचं इंजिन होतं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं सिलिंडरमध्ये निर्माण केलेला दाब, समजून घ्यायला आजही यासारखं इंजिन नाही. एक सिलिंडर दुबळा पडला, की गाडी उभ्या जागी थरथरते आणि फ्लायओव्हर चढताना दम टाकते.

पण थरथरली म्हणजे कॉम्प्रेशनच गेलं, असं नाही. प्लग किंवा कार्ब्युरेटर बिघडला तरी तेच होतं. म्हणून कॉम्प्रेशन मोजणारं गेज लावायचं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, प्लगच्या भोकात गेज बसवायचं आणि स्टार्टर मारायचा. काटा टप्प्याटप्प्यानं चढतो आणि थांबतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा राहिला किंवा बॅटरी उतरलेली असली, तर धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं आणि विनाकारण खोललं जातं.

चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 180 पीएसआय मिळतात. तरी मी आधी बघतो ती सिलिंडरांमधली तफावत. दिल्लीहून लेहला, साडेतीन हजार मीटरवर नेलेलं तेच इंजिन विरळ हवेमुळे सुमारे एकतृतीयांश कमी आकडा दाखवेल. त्यात त्याचा दोष नाही. तिन्ही सिलिंडर 140 दाखवत असतील, तर गाडी अजून चालेल. 170, 170 आणि 95 आले, तर दुखणं नक्की.

ते कुठलं, हे चमचाभर इंजिन ऑइल सांगतं. प्लगच्या भोकातून ते सोडून पुन्हा स्टार्टर मारायचा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर आधी गॅस्केटवर संशय घ्यावा. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरली, तर गळती कानांनी ऐकू येते: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट.

दिल्लीत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, म्हणून इथे एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. सीएनजी कोरडा वायू. पेट्रोलच्या थेंबांनी मिळणारा गारवा आणि ओलावा त्यात नाही. व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. लवकर लक्षात आलं, तर फीलर गेजनं टॅपेट सेट करून भागतं. उशीर झाला, तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

म्हणून इंजिन खोलायला होकार देण्याआधी तिन्ही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि ऑइल घातल्यानंतरचे, कागदावर लिहून मागा. गेज न लावताच ‘रिंगा गेल्या’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.