मालवण जेटीवर होडीत बसण्याआधी हे वाचा

सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्यांवर देखरेख महाराष्ट्र सागरी मंडळाची. १९९६ साली स्थापन झालेलं हे मंडळ बंदर कार्यालयामार्फत होड्यांची तपासणी करतं, परवाने देतं, किती प्रवासी बसवायचे तेही ठरवतं. मेअखेर ते ऑगस्टअखेर ही वाहतूक बंद असते. तेव्हा किल्ला कितीही जवळ दिसो, खडकांमधल्या लाटांत होडी सांभाळणं कठीण.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक दगावले. म्हणूनच मी लाइफ जॅकेटबाबत इतका आग्रही आहे. ते नुसतं खांद्यावर अडकवू नका. सगळे पट्टे आवळून बांधा, पोरांसाठी त्यांच्या मापाचंच मागा. होडीत जास्त माणसं भरली असतील तर सरळ उतरा आणि पुढची घ्या.