तिरंगी मांजर भाटीच का असते?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरे मुंबई-कोलकाता महामार्गालगतचे सडक अर्जुनी. हा सारा मुलूख धानाचा. घरात धान आले की मागोमाग उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर. त्यामुळे इकडच्या शेतकरी घरात मांजर हा कणगीचा राखणदारच असतो. अशा एखाद्या घराच्या पडवीत, धानाच्या पोत्यावर अंगाचे मुटकुळे करून झोपलेले एखादे मांजर बारकाईने पाहावे. त्याच्या अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग गोधडीच्या ठिगळांसारखे पसरलेले असतील, तर त्याला हात न लावता दुरूनच सांगता येते, की ही भाटी आहे, बोका नाही. अशी पैज लावणारा हजारात एकदाही हरणार नाही.

मोर आणि लांडोर किंवा चिमणा आणि चिमणी यांच्याही रंगांत फरक असतो. पण तो पिल्लू मोठे झाल्यावर दिसू लागतो. तिरंगी मांजराचे मात्र डोळेही न उघडलेले पिल्लू आपले लिंग अंगावर मिरवत असते. असे का व्हावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विसाव्या शतकातील जीवशास्त्राला एक मोठे गुपित हाती लागले. ते मांजरापुरते नाही. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ते दडलेले आहे आणि सडक अर्जुनीसारख्या जंगलालगतच्या तालुक्यात त्याचा थेट संबंध हिवतापाच्या एका गोळीशी येतो.

आधी नावांविषयी. नुसत्या काळ्या आणि नारिंगी रंगांच्या मिश्रणाच्या मांजराला इंग्रजीत ‘टॉर्टॉइजशेल’ म्हणतात. समुद्री कासवाच्या चितकबऱ्या कवचापासून पूर्वी कंगवे, डब्या आणि चष्म्यांच्या चौकटी बनवीत. त्या कवचाच्या रंगावरून हे नाव पडले. त्यात पांढऱ्या रंगाची भर पडली की अमेरिकेत त्याच मांजराला ‘कॅलिको’ म्हणतात. हे नाव तर आपल्याच देशातून गेले आहे. केरळातील कालिकत, म्हणजे आजचे कोळिकोड, या बंदरातून युरोपात जाणारे सुती कापड ‘कॅलिको’ म्हणून ओळखले जाई. पुढे अमेरिकेत रंगीबेरंगी छापील सुती कापडाला हा शब्द रूढ झाला आणि तेथून तो मांजराला चिकटला. आपण मराठीत अशा मांजराला कबरी किंवा तिरंगी म्हणतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही मांजराची वेगळी जात नाही. गल्लीतल्या मांजरापासून किमती पर्शियन मांजरापर्यंत कोठेही हा रंगमेळ आढळतो.

मांजराच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे. पांढरा हा रंग नव्हेच, तो रंगाचा अभाव होय. कोणते रंगद्रव्य तयार व्हायचे याचा एक महत्त्वाचा निर्णय एक्स या लिंग-गुणसूत्रावरील जनुकीय सूचनेवर अवलंबून असतो. ही सूचना दोन प्रकारची असते. एक ‘नारिंगी कर’ म्हणते आणि दुसरी तसे म्हणत नाही, म्हणून काळा रंग उमटतो. मांजरात गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांतील एक जोडी लिंग ठरवते. बोक्याच्या वाट्याला एक एक्स आणि एक वाय येतो, तर भाटीच्या वाट्याला दोन एक्स. बोक्याकडे एकच एक्स असल्याने तो एक तर नारिंगी होतो किंवा काळा. दोन्ही होण्याची सोयच त्याच्याकडे नसते. भाटीला मात्र आईकडून एक आणि बापाकडून दुसरा असे दोन्ही प्रकारचे एक्स मिळू शकतात.

पण दोन्ही सूचना एकाच शरीरात आल्या, तर दोन्हींची सरमिसळ होऊन सारे अंग एकाच मधल्या रंगाचे का होत नाही? एक केस पूर्ण काळा आणि शेजारचा पूर्ण नारिंगी, असे का?

या कोड्याचा पहिला धागा १९४९ साली कॅनडात सापडला. मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्राम हे मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. काही मांजरांच्या पेशीकेंद्रात त्यांना एक गडद ठिपका दिसला, तर काहींत तो दिसला नाही. नोंदी पडताळल्यावर लक्षात आले, की ठिपका असलेली सर्व मांजरे माद्या होत्या. पुढे सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९५९ साली दाखवून दिले, की हा ठिपका म्हणजे आकसून गेलेले एक एक्स गुणसूत्र आहे.

या धाग्याचा संपूर्ण उलगडा १९६१ साली इंग्लंडमधील मेरी लायन या संशोधिकेने केला. गंमत अशी, की त्या उंदरांवर काम करीत होत्या. मांजराचे कोडे अखेर उंदराने सोडवले! त्यांचे म्हणणे असे होते, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले, तरी काम एकच करतो. गर्भ अगदी कोवळ्या अवस्थेत असताना प्रत्येक पेशी दोहोंपैकी एक एक्स मिटवून टाकते. कोणता मिटवायचा, याला काही नियम नाही. जणू प्रत्येक पेशी नाणे उडवते. पण एकदा निर्णय झाला, की तो कायमचा. त्या पेशीपासून पुढे जन्मणाऱ्या सर्व पेशी तोच निर्णय पाळतात. मादीकडे दोन आणि नराकडे एक एक्स असूनही दोघांच्या शरीरातला हिशेब सारखा राहतो, तो यामुळे.

आता पोत्यावरच्या भाटीकडे पुन्हा पाहावे. तिच्या अंगावर जेथे नारिंगी ठिगळ आहे, तेथील रंगपेशींनी गर्भावस्थेत ‘काळा’ एक्स मिटवला होता. जेथे काळे ठिगळ आहे, तेथे ‘नारिंगी’ एक्स मिटला. तिची कातडी म्हणजे तिच्या जन्मापूर्वी घडलेल्या असंख्य नाणेफेकींचा नकाशाच. म्हणूनच दोन तिरंगी मांजरे, अगदी सख्ख्या बहिणी असल्या, तरी तंतोतंत सारख्या नसतात.

पांढऱ्या रंगाचे काम यापेक्षा वेगळे. तो एक्सवरून येत नाही, दुसऱ्या एका गुणसूत्रावरील जनुकामुळे येतो. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तेथून पोटाकडे, पायांकडे प्रवास करतात. हे जनुक या प्रवासाला निघणाऱ्या पेशींची संख्या घटवते. ज्या भागापर्यंत त्या पोचत नाहीत, तो भाग पांढरा राहतो. मांजराचे पोट आणि पंजे अनेकदा पांढरे असतात, त्याचे कारण हेच. प्रवासी थोडे असल्याने प्रत्येकाच्या वंशजांना पसरायला ऐसपैस जागा मिळते. म्हणून पांढरा रंग असलेल्या मांजरात काळी-नारिंगी ठिगळे मोठी आणि ठसठशीत दिसतात, तर पांढरा नसलेल्या मांजरात दोन रंग तीळ-तांदळासारखे मिसळलेले असतात.

मग तिरंगी बोका असतच नाही काय? क्वचित असतो. सुमारे ३,००० तिरंगी मांजरांमागे एक, असा अंदाज सांगितला जातो. १९६१ सालीच थुलीन आणि नॉर्बी या संशोधकांनी अशा बोक्यांत एक जादा एक्स असल्याचे दाखवले. म्हणजे एक्स, एक्स आणि वाय अशी तीन लिंग-गुणसूत्रे. वायमुळे तो बोका होतो आणि दोन एक्समुळे तिरंगी. असे बोके बहुधा वंध्य असतात. जपानमध्ये त्यांना फार शुभ मानीत आणि खलाशी त्यांना जहाजावर नेत. दुकानाच्या गल्ल्यावर पंजा हलवणारी ‘मानेकी-नेको’ ही जपानी मांजराची मूर्तीही बहुधा तिरंगीच असते.

अमेरिकेत टेक्सासमध्ये २२ डिसेंबर २००१ रोजी जगातील पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले. त्याचे नाव सीसी. ज्या ‘रेनबो’ नावाच्या मांजरीच्या पेशीपासून ते घडवले, ती तिरंगी होती. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी रंगाचा लवलेश नव्हता. जनुके तीच, तरी रूप निराळे! कारण ज्या एका पेशीपासून सीसी घडली, तिने आपला नारिंगी एक्स आधीच मिटवला होता आणि क्लोन करताना तो पुन्हा उघडला नाही. मेलेले लाडके मांजर हुबेहूब परत मिळेल, या आशेला तिरंगी मांजराने असा धक्का दिला. सीसी पुढे १८ वर्षे जगली आणि २०२० साली वारली.

एवढे सारे कळूनही ‘नारिंगी’ सूचना एक्सवर नेमकी कोठे आहे, हे अनेक दशके सापडत नव्हते. मे २०२५ मध्ये जपानमधील क्युशू विद्यापीठ आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ येथील दोन स्वतंत्र गटांनी ते प्रसिद्ध केले. नारिंगी मांजरांत एक्स गुणसूत्रावरील सुमारे ५,००० अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे शेजारचे एक जनुक रंगपेशींत नको तेव्हा जागे होते आणि काळ्याऐवजी तांबूस रंगद्रव्य बनू लागते.

तिरंगी मांजरे फटकळ असतात, असाही एक समज आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मालकांनी तशी नोंदही केली. पण ते मालकांचे मत होते. रंगामुळेच स्वभाव तसा होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता मांजराकडून माणसाकडे वळू. एक्स मिटवण्याची ही रीत स्त्रीच्या शरीरातही तशीच चालते. प्रत्येक स्त्री या अर्थाने ‘कबरी’च असते, फक्त तिच्या कातडीवर ते दिसत नाही. अमेरिकेतील अर्नेस्ट ब्युटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ते रक्तात दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराचा आधार घेतला. हे विकर तांबड्या रक्तपेशींना फुटण्यापासून वाचवते आणि त्याचे जनुक एक्सवरच असते. काही माणसांत ते सदोष असते. एक सदोष आणि एक निर्दोष एक्स असलेल्या स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. काही पुरेशा विकराच्या, काही तुटवड्याच्या. काळ्या आणि नारिंगी ठिगळांचेच हे रक्तातले रूप.

सडक अर्जुनीत याचे महत्त्व काय? गोंदिया, गडचिरोली या जंगलपट्ट्याला हिवताप नवा नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हा जनुकीय दोषही अधिक आढळतो, कारण तो काही प्रमाणात हिवतापापासून संरक्षण देतो. भारतातील आदिवासी समाजांत त्याचा ‘ओरिसा’ नावाचा प्रकार प्रामुख्याने आढळल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. हिवतापाचा व्हायव्हॅक्स हा परजीवी यकृतात दडून बसतो आणि पुन्हा पुन्हा ताप आणतो. त्याला तेथून हुसकावण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस दिल्या जातात. पण ज्यांच्यात या विकराचा तुटवडा आहे, त्यांच्या रक्तपेशी याच गोळीने फुटू शकतात. हे कारण १९५६ पासून ठाऊक आहे.

पुरुषाची तपासणी सोपी असते. त्याच्याकडे एकच एक्स, म्हणून उत्तर हो किंवा नाही. स्त्रीचे तसे नाही. नेहमीची झटपट चाचणी विकराची पातळी सामान्याच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेली, तरच दोष दाखवते. जिच्या रक्तात निम्म्या पेशी सदोष आहेत, तिचा अहवाल ‘सामान्य’ येऊ शकतो, पण त्या निम्म्या पेशी गोळीपुढे दुबळ्याच असतात. आणि हे प्रमाण निम्मेच असेल, असेही नाही. नाणेफेक कशी पडली, त्यावर ते ठरते. म्हणून दोन सख्ख्या बहिणींतही ते निरनिराळे असू शकते. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन हे नवे औषध एकाच मात्रेचे आहे. एकदा घेतले, की मध्येच थांबवता येत नाही. म्हणून ते देण्यापूर्वी विकराची पातळी ७० टक्क्यांच्या वर असल्याची प्रत्यक्ष मोजणी करावी लागते.

याचा अर्थ प्रायमाक्विनला घाबरून गोळ्या मनानेच सोडाव्यात, असा मुळीच नाही. अर्धवट उपचाराने हिवताप परततो आणि गावात पसरतो. पण गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसू लागले, ओठ निळसर पडले, तर अहवाल काहीही असो, गोळी थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. गर्भवतीला तर हे औषध देतच नाहीत. आपल्याला किंवा भावाला असा दोष असल्याचे माहीत असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांना आधीच सांगावे. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठताना स्त्रीच्या रक्ताची ही दुहेरी वीण विसरून चालणार नाही.

मांजर आडवे गेले, की आपल्याकडे अजूनही काही माणसे चार पावले मागे येतात. पुढच्या वेळी तिरंगी भाटी आडवी गेली, तर तिला क्षणभर नीट न्याहाळावे. घरातल्या आईच्या, बहिणीच्या, लेकीच्या शरीरात जे न दिसता घडून गेले आहे, ते तिने अंगावर उघडे लिहून ठेवले आहे.