भुकटी कोणाची?

म्हैस थंडीत जेवढे दूध देते, त्याच्या जवळपास निम्म्यावर ती उन्हाळ्यात येते. शहराची गरज मात्र बारा महिने सारखीच असते. म्हणजे माघात दूध उतू जाणार आणि वैशाखात तुटवडा पडणार. दूध घेणारा व्यापारी असेल तर त्याला यात अडचण नाहीच, उलट सोय आहे. थंडीत भाव पाडायचा, किंवा 'आज नको' म्हणून कॅन परत पाठवायचे. हा तोटा व्यापाऱ्याच्या वहीत कधी चढत नाही, तो गोठ्यातच राहतो. आणि जो तोटा वहीत चढत नाही, तो टाळणारे यंत्र शोधायला पैसे कोण घालील? नवे यंत्र येते आणि समाज बदलतो, असा क्रम आपण गृहीत धरतो. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा दूधधंदा पाहिला की हा क्रम उलटा दिसतो. तिथे चळवळीने आधी तोटा कुणी सोसायचा हे बदलले, आणि मगच यंत्राची निकड भासली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. १९४५ साली मुंबई सरकारने शहरासाठी दूध योजना काढली आणि आणंदहून दूध आणण्याचे काम पोल्सन डेअरीकडे गेले. मुंबईचा ग्राहक पैसे मोजत होता, पण शेतकऱ्याच्या हाती फारसे पडत नव्हते. सरदार पटेलांनी सहकारी संघाचा सल्ला दिला, ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस पोल्सनला दूध घालणे बंद केले आणि सरकार नमले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले, १९४९ मध्ये व्हर्गिस कुरियन येऊन मिळाले.

आता मुद्द्याची गोष्ट. सभासद आणील ते दूध, आणील तेव्हा, आणील तेवढे घ्यायचे, हे संघाचे तत्त्व होते. ऐकायला साधे, पण धंद्याच्या हिशेबाने भयंकर. थंडीतले जादा दूध मुंबई घेईना, आणि संघाला तर ते परत पाठवण्याची सोय उरली नव्हती, कारण परत पाठवणार कुणाला? मालकालाच. त्यामुळे भुकटीचा कारखाना हवा झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे त्या काळचे जाणकार सांगत. युरोपातली यंत्रे गाईच्या दुधासाठी घडलेली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश दीडपट ते दुप्पट, केसीन आणि कॅल्शियमही जास्त, त्यामुळे आटवताना ते लवकर दाट होते. शिवाय ज्या देशांत यंत्रे बनत तिथे म्हशीच नव्हत्या, म्हणून हा प्रश्न सोडवण्यात कुणाचा फायदाही नव्हता. अशक्य म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींमागे एवढेच कारण असते. कुरियनांचे मिशिगनमधले मित्र हरिचंद दलाया यांनी हे काम शक्य करून दाखवले. आटवलेले दूध गरम हवेच्या झोतात फवारायचे, थेंब खाली पोहोचेपर्यंत त्यातले पाणी उडून जाते. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला, सरदारांच्या जन्मदिनी, नेहरूंनी कारखान्याचे उद्घाटन केले.

पण मला या सगळ्यात जास्त मोह पडतो तो एका काचनळीचा. बुटिरोमीटर हे तिचे नाव, आणि गेर्बर या स्विस रसायनज्ञाची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. नळीत १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घालायचे, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध अलगद सोडायचे, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवले की मिश्रण तापते आणि काळपट होते. आम्ल प्रथिने विरघळवते, पण स्निग्धांशाला धक्का लावत नाही. नळ्या काही मिनिटे चक्रात गरगर फिरवल्या की पिवळसर, पारदर्शक थर मानेत वर येतो आणि तिथल्या आकड्यांवर फॅट वाचता येते. तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये याच धर्तीची चाचणी काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: दूध नुसते मापाने विकत घेतले तर पाणी घालणारा जिंकतो आणि चांगली जनावरे पाळणारा हरतो. या नळीने प्रामाणिकपणाला भाव मिळवून दिला. खेड्यातल्या सोसायटीत तिचा आणखी एक परिणाम झाला. 'फॅट किती लागली?' या प्रश्नाचे उत्तर दूध कुणाच्या घरचे यावर अवलंबून राहिले नाही. शंभर म्हशींचा पाटील आणि एका म्हशीची बाई यांना एकाच तक्त्याचा भाव. १९७६ च्या 'मंथन' चित्रपटातही दूध तपासण्याला मोलाची जागा आहे. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि पैसे गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचे, प्रत्येकी दोन रुपये.

मात्र हीच नळी पोल्सनच्या हातीही असू शकली असती, हे विसरता कामा नये. भाव ठरवणाऱ्याच्या हातात ती असली तर पिळवणुकीला शास्त्राचा मुलामा चढतो. सोसायटीत नळी वाचणारा सभासदांचा नोकर होता, एवढाच काय तो फरक. यावर आक्षेप येतो की सोसायटीत दूध घालायला एका रांगेत उभे राहिल्याने जात गेली, हे चित्र भाबडे आहे. आहेच. रांग सुटली की गाव होते तिथेच होते. म्हशीचे शेण-पाणी बाईने करायचे आणि सभासद म्हणून नाव नवऱ्याचे, हेही वर्षानुवर्षे चालले. चाऱ्याला जमीन नसलेल्याला म्हैस परवडणे अवघडच. माझा दावा मर्यादित आहे: दिवसातून दोनदा, पैशाच्या व्यवहारापुरती, प्रतिष्ठेची उतरंड बाजूला ठेवावी लागली.

दुसरा आक्षेप असा की हे सारे सरकारनेही केले असते. मुंबईत सरकारने केलेच की. दारा खुरोडी यांनी आरे वसाहत उभी केली, शहरातले तबेले तिकडे हलवले, आणि म्हशीच्या दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून स्वस्त टोन्ड दूध काढले. मुंबईच्या गरीब घरांवर त्यांचे उपकार आहेत. पण ती भुकटी परदेशातून येई, आणि ती जितकी जास्त येई तितके आणंदचे थंडीतले दूध नकोसे होई. एकच पांढरी पूड, मुंबईत ती शेतकऱ्याची प्रतिस्पर्धी आणि आणंदला त्याची ढाल. गंमत म्हणजे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास यांना एकत्रच मिळाला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. १९७० पासूनच्या दूधमहापूर योजनेत युरोपची फुकट भुकटी आणि बटर ऑईल आपण महानगरांत दूध करून विकले आणि त्या पैशांतून गावोगावचे संघ उभारले. १९८३ मध्ये गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त या योजनेची चिरफाड केली तेव्हा मोठे वादळ उठले. परावलंबन आणि शहरांचा फायदा, हा टीकेचा सूर होता. मला वाटते, परावलंबनाची भीती पुढे खरी ठरली नाही. विसावे शतक संपता संपता भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला. पण टीकेतला एक धागा सुटत नाही: आणंदचा आराखडा गाडीत घालून नेता येतो, समरखाची सभा नेता येत नाही. जिथे शेतकरी आधी भांडले नव्हते, तिथे बऱ्याच ठिकाणी संघ म्हणजे सरकारी कचेरीची शाखा होऊन बसला.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय जुलै २०१८ मध्ये आला. आपल्याकडे गोकुळसारखे तगडे संघ आहेत, पण खासगी डेअऱ्यांचा वाटाही मोठा. त्या वर्षी भुकटीचे भाव पडले, गाईच्या दुधाचा खरेदीदर लिटरला सतरा-अठरा रुपयांवर आला आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचे दूध रोखले. मागणी होती लिटरमागे पाच रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यावर द्या अशी. अखेर २५ रुपयांचा दर जाहीर झाला, पण पाच रुपयांचे अनुदान मात्र दूध संघ आणि भुकटी करणाऱ्यांच्या मार्फत आले. गावातल्या संकलन केंद्रावर आता गेर्बरच्या नळीऐवजी मिल्कोमीटर असतो, अर्ध्या मिनिटात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता उरलेले घन घटक, सांगतो. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागले नाहीत तर भाव कापला जातो, आणि हा मिल्कोमीटर डेअरीशी संबंध नसलेल्या यंत्रणेने तपासावा, ही दूध उत्पादकांची मागणी अजून चालूच आहे.