घाबरट की घाबरलेला?

प्रश्नावली मराठीत करायला घेताय? मग आधी हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा: घाबरट आणि घाबरलेला. पहिला स्वभाव सांगतो, दुसरा आत्ताची अवस्था. चिडका-चिडलेला तसंच. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ साली वेबस्टर कोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले, तेव्हा स्वभावाचे आणि तात्पुरत्या अवस्थेचे शब्द त्यांनी वेगळ्या रकान्यांत टाकले. स्पीलबर्गरच्या चिंतामापनातही अवस्थेसाठी २० आणि स्वभावासाठी २० विधानं वेगळी आहेत.

खरी पंचाईत 'अस्वस्थ'ची. तो दोन्हीकडे चालतो. इथे क्रियापद मदतीला येतं: 'मी अस्वस्थ आहे' म्हणजे आत्ता, 'मी अस्वस्थ असतो' म्हणजे एरवीही. (असतो/असते दोन्ही छापा, मुली विसरल्या जातात!) स्वभावाच्या विधानांतही घाईघाईत 'आहे' लिहिलंत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी फॉर्म भरून घेतलेत, तर अर्धा वर्ग तुमच्या थिसिसमध्ये जन्माचा घाबरट ठरेल. नंतर कितीही आकडेमोड करा, ते निस्तरत नाही.

'चुळबुळ्या' मात्र टाळा. तो लहान पोरांनाच शोभतो; मोठी माणसं हसत हसत काहीतरी खूण करून मोकळी होतील.